पार्टी मुलांची, मोजमाप मोठ्यांचे

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरी एकच हट्ट सुरू होतो : ‘आम्हाला पार्टी पाहिजे!’ पूर्वी पेढे वाटले की काम भागत असे. आता मुलाला मित्र जमवायचे असतात, मुलीला मैत्रिणी जमवायच्या असतात आणि त्यात आई-बाबा नको असतात. चौदा ते सतरा या वयात हे स्वाभाविकच आहे. काळजी वाटते ती आपण पालक त्यावर जी दोन उत्तरे देतो, त्यांची. काही घरांत ‘काही नको पार्टी-बिर्टी’ म्हणून विषय बंद होतो. काही घरांत मुलाच्या हातावर हजार-दोन हजार रुपये ठेवून गच्ची मोकळी करून दिली जाते आणि वडीलधारी मंडळी खाली टीव्हीपुढे बसतात.

पहिल्या घरातला मुलगा बहुधा पार्टी करतोच. फक्त ती घरी न होता अरुणावतीच्या धरणाकडे, नाहीतर कुणाच्या तरी शेतातल्या विहिरीवर होते. दुसऱ्या घरातल्या पार्टीचे उरलेसुरले दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात येते. कुणाच्या डोळ्यात स्प्रेचा फेस गेलेला असतो. कुणाला ‘बर्थडे बम्प्स’च्या नावाखाली कमरेत लाथा बसलेल्या असतात. कुणाला रात्रीपासून उलट्या-जुलाब. कुणी मित्राची गाडी ‘जरा चालवून पाहिली’ म्हणून गुडघा सोलून आलेला. गेली अनेक वर्षे हे पाहत असल्यामुळे या आठवड्यात औषधांऐवजी पार्टीवरच लिहावे असे ठरवले.

सध्या शहरांतून एक प्रकार चांगला रुळला आहे. पंधरा-वीस मुले जमवायची, त्यांचे संघ पाडायचे आणि केक-गाण्यांऐवजी संघाने मिळून पार पाडायची आव्हाने द्यायची. पुण्या-मुंबईत यासाठी पैसे घेऊन सगळे करून देणारे लोक आहेत. दिग्रससारख्या गावात त्यांची गरज नाही. एक शेत किंवा शाळेचे मैदान, थोडा दोर, दहा-बारा चपटे दगड, एक चेंडू आणि दोन समजूतदार मोठी माणसे एवढे पुरते. मात्र आखणी हवी, आणि ती मुलांवर सोडून चालत नाही.

मित्र जवळ असले की…

याचे कारण या वयाच्या मेंदूत आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला : सिग्नल बदलतो आहे, थांबायचे की पुढे दामटायची? काहींनी हा खेळ एकट्याने खेळला, काहींनी आपल्या वयाचे दोघे जण शेजारी असताना. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी सोबती पाहत असताना एकट्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या माणसांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे जो मुलगा तुमच्यासमोर शहाण्यासारखा वागतो, तोच चार मित्रांत विहिरीच्या काठावरून उडी मारतो, आणि यात तो तुम्हाला फसवत नसतो. त्या वेळी तो खरोखरच वेगळा असतो.

या वयाला आव्हान लागतेच. ते आपण मोजून दिले नाही, तर मुले न मोजलेले आव्हान स्वतः शोधून काढतात. मोजून म्हणजे कसे, ते आपल्या दहीहंडीवरून पाहू.

मुंबई-ठाण्याकडचा दहीहंडीचा उत्सव म्हणजे पोरांचे केवढे मोठे सांघिक आव्हान आहे! २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचून ४३ फुटांहून अधिक उंची गाठली आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पण बक्षिसांच्या रकमा वाढल्या तसे थर वाढले, थर वाढले तसे हात-पाय मोडणारे वाढले, आणि प्रकरण कोर्टात गेले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांपेक्षा उंच हंडी नको आणि अठराच्या आतील मूल थरात नको असे सांगितले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी २०१७ साली चौदा वर्षांखालील मुलांना थरात घेणार नाही, असे शासनाने उच्च न्यायालयात सांगितले आणि न्यायालयाने उंचीवर बंधन घालण्याचे नाकारले. २०२२ साली राज्य शासनाने या उत्सवाला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला. उंचीबद्दल माझे मत विचाराल तर वीस फूट पुष्कळ झाले. मणक्याला मार लागलेला तरुण रुग्ण ज्याने एकदा पाहिला, तो याहून वेगळे बोलणार नाही.

पण त्या पथकांकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. चांगली पथके गुरुपौर्णिमेपासून सराव धरतात. आधी तीन थर पक्के, मग चौथा. खाली कोण उभे राहील, वर कोण जाईल, हे ज्याच्या त्याच्या वजन-ताकदीवर ठरते, हौसेवर नाही. वर चढण्याइतकाच क्रमाने खाली उतरण्याचाही सराव असतो. भोवतालची माणसे हात वर करून पडणाऱ्याला झेलायला तयार असतात. आपल्या घरगुती पार्टीत थर रचू नयेतच, तीन थरांचाही मोह नको. ही शिस्त तेवढी उचलावी.

संघ कसे पाडावे

शाळेत एक जुनी वाईट पद्धत आहे : दोन कप्तान उभे करायचे आणि त्यांनी एकेक गडी निवडायचा. शेवटी उरतो तो जाडा, हडकुळा, चष्मेवाला किंवा नवीन आलेला. सगळ्यांदेखत ‘हा तू घे, नको तू घे’ ऐकलेले मूल ते वर्षानुवर्षे विसरत नाही. पोटदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या या वयाच्या मुलांत पोटात काहीच न सापडणारी थोडी नसतात. म्हणून संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत. पाच-पाच जणांचे चार संघ उत्तम. पाचांत कुणी लपूही शकत नाही आणि कुणी उपराही राहत नाही. दर दोन आव्हानांनंतर पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात.

संघ का बदलायचे, त्यालाही एक प्रसिद्ध आधार आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे शिबिर भरवले. दोन गट केले. एकाने ‘गरुड’ नाव घेतले, दुसऱ्याने ‘रॅटलर’ हे तिकडच्या एका विषारी सापाचे. मग रस्सीखेच, बेसबॉल अशा सामन्यांची मालिका लावून बक्षिसे ठेवली. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणि राहण्याच्या खोल्यांवर धाड घालण्यापर्यंत मजल गेली. ही सगळी चांगल्या घरांतली, धडधाकट मुले होती. त्यांना एकत्र जेवायला बसवून पाहिले, तर अन्नाची फेकाफेक झाली. मग शिबिराचे पाणी मुद्दाम अडवले, दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला. पुढे जेवण आणणारा ट्रक ‘बंद पडला’. तो ओढायला मुलांनी तोच रस्सीखेचीचा दोर लावला, या वेळी सगळे एका बाजूला. हळूहळू भांडण निवळले.

आपल्याला पार्टीत एवढा घोळ घालायचा नाही. पण शेवटचे आव्हान सगळ्या संघांना मिळून करण्याचे ठेवावे, आणि बक्षीस रोख तर नकोच. बोरकुटाची पुडी सगळ्यांना.

कोणती आव्हाने?

लगोरी हा या कामासाठी बनवल्यासारखा खेळ आहे. नेम, पळ, आणि दगड रचणाऱ्याला वाचवण्यासाठी बाकीच्यांची धावपळ; सगळे त्यात आले. चेंडू मात्र रबरी किंवा कापडी घ्यावा, टेनिसचा ओला चेंडू डोळ्यावर बसला तर फार लागतो. खो-खो तर आपला घरचाच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. देशी खेळांना ‘गावंढळ’ म्हणणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे. आपल्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला थेट जर्मनीला गेले होते!

मुलांना सर्वांत आवडतो तो खजिन्याचा शोध. चिठ्ठीवरून चिठ्ठी शोधत जायचे. कोडी गावातलीच घालावीत. ती शोधताना आजी-आजोबांना विचारावे लागले तर अधिक चांगले. येथे एक अट कडक : शोध पायी. ‘लवकर येतो’ म्हणून एक जण स्कूटी काढतो, मागे दोघे बसतात, आणि संघाला जिंकायचे असते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचे राहू द्या, पण गाड्यांच्या किल्ल्या त्या संध्याकाळी आईच्या कमरेला असाव्यात.

आणि रोडगे! शेतातली रोडग्यांची पार्टी आपल्या वऱ्हाडाला नवी नाही, पण ती मोठी माणसे करतात आणि मुले फक्त खातात. चार संघांना कामे वाटून द्या : एक कणीक मळेल, दुसरा वांगी चिरेल, तिसरा वरण पाहील, चौथा गोवऱ्यांच्या विस्तवाशी. मग सगळे मिळून वाढतील. वर म्हटलेले शेवटचे आव्हान हेच ठेवा. मुलगे कणीक मळतात आणि मुली विस्तव सांभाळतात अशी चिठ्ठी निघाली तर बदलू नये. विस्तवाजवळ एक मोठा माणूस, पाण्याने भरलेल्या दोन बादल्या, आणि कपडे सुती. नायलॉन-पॉलिस्टरची ओढणी किंवा जर्सी पेटली तर वितळून कातडीला चिकटते.

आता जे नको ते. रस्सीखेच चालेल, पण दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही आणि दोर जाड सुती हवा. १९९७ साली तैवानमधील तैपेई शहरात दीड हजारांवर लोकांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोन माणसांचे हात तुटून वेगळे झाले. ताणलेला दोर तुटला की तो चाबकासारखा परत येतो. खाण्याच्या शर्यती अजिबात नकोत. पाणीपुरीच्या नाहीत, केळ्यांच्या नाहीत, आलूबोंड्याच्या नाहीत. केरळात २०२४ च्या ओणमला पालक्काड जिल्ह्यात इडल्या खाण्याच्या शर्यतीत घास अडकून एक धडधाकट माणूस गेला. तिखट खाण्याची, श्वास रोखण्याची, मोबाईलवर पाहिलेली कोणतीही ‘चॅलेंज’ नको. आणि पाणी नको : ना धरण, ना विहीर, ना शेततळे. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही.

ऊन आणि वेळ

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दहावीचा निकाल मे महिन्यातच लागला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो. त्या उन्हात दुपारी चारला खो-खो मांडणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. एक तर सकाळी साडेपाच ते आठ, नाहीतर सूर्य मावळल्यावर. माझा सल्ला विचाराल तर पार्टी पहिले दोन-चार पाऊस पडेपर्यंत थांबवावी, निकाल कुठे पळून जात नाही. हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत तर याहून सुंदर वेळ नाही.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी खेळ थांबवून सगळ्यांना पाणी द्यावे. तहान लागेपर्यंत थांबू नये. खेळाच्या भरात मुलांना तहान कळतच नाही. कैरीचे पन्हे, पातळ ताक, लिंबू-साखर-मीठ उत्तम. बाटलीतली थंड पेये आणि विशेषतः ती ‘एनर्जी’ची डबी नको. त्यांत कॅफिन असते, छातीत धडधड होते. 

आधी विचारावयाच्या चार गोष्टी

येणाऱ्या मुलांच्या पालकांना आधीच फोन करून, एकेकाला वेगळे, प्रकृतीबद्दल विचारावे. दमा आहे काय? असल्यास पंप खिशात हवा. फिट येते काय? मधमाशी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी? आणि आपल्या विदर्भात आवर्जून विचारावे : सिकलसेल आहे काय? केवळ वाहक असलेली मुले बहुधा इतरांसारखी खेळू शकतात. प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलाला मात्र अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि अचानक थंड पाणी अंगावर पडणे यांनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला घरी बसवू नये. त्याला गुणलेखक किंवा खजिन्याच्या कोड्यांचा प्रमुख करावे, पण का केले ते चार मुलांत बोलू नये.

मुलींबद्दल आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे दहांतल्या जवळजवळ सहा. दोन फेऱ्या पळून जी मुलगी खाली बसते, तिला आळशी म्हणून चिडवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळीच्या दिवसांत खेळायला हरकत नाही, पण जागेवर स्वच्छ संडास, पाणी आणि पिशवीत दोन-चार पॅड हवेत. याची सोय नसते म्हणून कितीतरी मुली ‘माझे डोके दुखते’ म्हणून घरी राहतात, आणि आपण समजतो मुलींना खेळ आवडत नाही. शेवटी त्यांना सोडायला एक आई किंवा काकू सोबत असली, आणि कार्यक्रम साडेआठला संपणार हे आधीच सांगितले, तर सहसा कुणी पालक नाही म्हणत नाही.

वाढदिवस असेल तर मेणबत्ती आणि फेसाचा स्प्रे एकाच ठिकाणी आणू नये. स्प्रेमधला वायू बहुधा पेट घेणारा असतो, आणि चेहरा मेणबत्तीच्या अगदी वर असतो. हायड्रोजन भरलेले फुगेही ज्योतीजवळ भडकतात. बम्प्स बंद म्हणजे बंद. पाठीवर, पोटावर मारलेली लाथ गमतीची असली तरी प्लीहा आणि मूत्रपिंडाला ती कळत नाही.

मोठ्या माणसांनी हाकेच्या अंतरावर असावे, मध्ये नसावे. दर पाच मिनिटांनी ‘बाळा, नीट हं’ म्हणणारे काका पार्टी बुडवतात.

पिशवीत काय असावे

कापूस, पट्टी, स्वच्छ फडके, ओआरएसच्या पुड्या, एका डब्यात बर्फ. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा. भाजले तर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे; टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नये. घोटा मुरगळला तर खेळ तेथेच थांबवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा, पाय उंच करावा. चोळू नये. पायावर भारच देता येत नसेल तर एक्स-रे काढावा. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले, ओकू लागले किंवा तेच तेच विचारू लागले, तर ‘बरे वाटेल’ म्हणून झोपवू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. उन्हाने मूल भ्रमिष्टासारखे बोलू लागले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. घास अडकून बोलताच येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोराचे फटके द्यावेत. तरी निघाला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके द्यावेत.

आणि लगोरीत किंवा खो-खोच्या खांबावर आपटून पुढचा दात मुळासकट पडला, तर तो मातीत शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. मळला असेल तर पाण्यात हलकेच बुचकळून लगेच त्याच जागी बसवा, किंवा दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे न्या. पक्का दात अशा वेळी पुष्कळदा वाचतो. दुधाची एक पिशवी चहासाठी आणलेली असतेच.